रंकाळ्यावरची तारीख

‘डेटवर चाललोय’ हे वाक्य कोल्हापुरात घरी बोलायचं नसतं. मी बोललो. आमचे वडील कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले. पेपर खाली करून त्यांनी विचारलं, "कुठल्या कोर्टात?" १८ ऑगस्ट २०२५ ला इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून जगातली प्रत्येक तारीख आपल्याच दारात पडते असं त्यांना वाटतं. "बरं झालं, मुंबईचे हेलपाटे वाचले," असंही म्हणाले. मी चपला घालून सटकलो.

खरी अडचण शब्दाचीच. आपल्याकडं ओळख असते, लफडं असतं, नाहीतर थेट सुपारी फुटते. मधलं जे ‘बघू, जमतंय का’, त्याला नावच नाही. कांदेपोहे आहेत, पण तिथं दोन्हीकडचे मिळून अकरा जण आपल्याकडं बघत असतात. डेटला निदान दोघंच, असा माझा भाबडा समज.

सात वाजता रंकाळा ठरला होता. ती आमच्या ऑफिसातलीच. फोन आला, "मी पोचलो, तू कुठाईस?" (बाहेरगावच्यांनी दचकू नये; आमच्याकडं मुलीही ‘पोचलो’च म्हणतात.) कठड्यावर बसलो, भेळ घेतली आणि पाठ करून आणलेला प्रश्न मी टाकला, "तुला काय काय आवडतं?"

"गाव कुठलं तुमचं मूळ?" ती म्हणाली.

मग आजोळ झालं, पेठ झाली. पंधरा मिनिटांत तिचे मामा आणि माझे काका एकाच तालमीतले निघाले. तेवढ्यात त्याच तालमीचे वस्ताद फिरत फिरत समोर उभे. "कुणाचा रं तू?" सांगितलं. "आन् ही?" तिनं मामांचं नाव सांगितलं. वस्ताद खूश. "घरात कळवलंय, का मी कळवू?"

गर्दी टाळायला म्हणून गंगावेशीत गेलो. तिथं रात्री कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसासकट गिलास हातात देतात. मेणबत्तीच्या उजेडात गोड बोलणं सोपं असेल. म्हैस रवंथ करत एकटक बघत असताना बोलून दाखवा. मी तोंड उघडलं तोच दूधवाला पोराला ओरडला, "वैनीस्नी मोठा गिलास दे रं!" माझे कान तापले. तिनं मात्र शांतपणे हात पुढं केला, दूध संपवलं, पदराच्या अभावी ओढणीनं मिशी पुसली आणि म्हणाली, "चल, मी निघतो."

घरी आलो तर वडील जागे. वस्तादांचा फोन माझ्या आधी पोचलेला.

"निकाल?"

"राखून ठेवलाय."

"विरुद्ध बाजूनं हरकत घेतली?"

"न्हाई. मोठा गिलास घेतला."