वाटी भरलेली दिसते

झुरिकमध्ये बसून दादरच्या कबुतरांवर मत द्यायला पैसे पडत नाहीत. 2025च्या पावसाळ्यात पालिकेने कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, मग जमावाने ती फाडली, तेव्हा घरच्या ग्रुपवर मीही तावातावाने लिहीत होतो. मामा भूतदयेच्या बाजूने, दमेकरी बाबा फुफ्फुसांच्या. पक्षी म्हणजे एक तर पुण्य, नाही तर रोगराई, यापलीकडे गाडी जाईना. बाबांच्याच खोलीत पिंजऱ्यात बसलेल्या बंड्याचं कोणी नाव काढलं नाही.

बंड्या म्हणजे आईचा कॉकटिएल, पोपटाचाच एक प्रकार. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर शेंदरी ठिपके. क्रॉफर्ड मार्केटात त्याला कॉकटेलच म्हणतात. "आमच्या घरी कॉकटेल आहे," असं बाबांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं, तेव्हा ते भलतंच समजून संध्याकाळी येतो म्हणाले होते. आपला हिरवा पोपट पाळणं 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बंड्या मूळ ऑस्ट्रेलियाचा, म्हणून त्यातून सुटला. इकडे मात्र आई-बाबाच अडकले असते, कारण असा थव्याने राहणारा पक्षी एकटा ठेवायला स्वित्झर्लंडमध्ये 2008पासून मनाई आहे. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.

यंदाच्या मे महिन्यात दोघं सहा आठवडे माझ्याकडे यायची होती. व्हिसाची फाइल दोन महिने शिजत होती. बंड्याचं काय, हा प्रश्न मात्र आईने निघायच्या पंधरा दिवस आधी काढला, तोही उत्तरासकट. "समोरच्या काकू आहेत की."

काकू आहेतच. गेली तीस वर्षं आमच्या घराची एक किल्ली त्यांच्या देव्हाऱ्यामागे असते. पण दोन वर्षांपूर्वी गणपतीला आई-बाबा दहा दिवस कोकणात गेले होते, तेव्हाही बंड्या त्यांच्याकडेच होता. रोज फोन व्हायचा, रोज उत्तर एकच, "मजेत आहे." परत येऊन बघतात तर हा पिसं फुलवून कोपऱ्यात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेला, तिथे वजन भरलं 74 ग्रॅम. आधी 92 असायचं.

झालं काय होतं, तर वाटी भरलेली होती. राळा-बाजरीचे दाणे हा पक्षी चोचीने सोलून खातो आणि टरफलं वाटीतच पडतात. वरून बघितलं की वाटी काठोकाठ. फुंकर मारली की टरफलं उडतात आणि तळाला दोन-चार दाणे दिसतात. काकू रोज बघायच्या आणि "खात नाही वाटतं" म्हणून नवे दाणे घालायच्या नाहीत. मधूनमधून पोळीचा तुकडा देत होत्या, त्यावर तो तगला.

आईला फुंकर माहीत होती. मग सांगितली का नाही? "एवढं काय सांगायचं? त्यांना वाटायचं, अक्कल शिकवते." आणि तो मलूल बसलाय हे काकूंना चार दिवस दिसत होतं. त्या का बोलल्या नाहीत? "सणासुदीला तुमच्या जिवाला घोर कशाला?"

विश्वासाची माणसं राहिली नाहीत, असं ग्रुपवर दर महिन्याला कोणी तरी लिहितं. मला ते पटत नाही. माणूस विश्वासाचंच होतं. दोघींच्या मध्ये भीड होती.

माझ्याकडे इथे दोन बजी आहेत, मुंबईत ज्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात ते. मी गावाला गेलो की खालच्या मजल्यावरच्या निवृत्त बाई येतात, एका फेरीचे 25 फ्रँक घेतात. पहिल्या भेटीत त्यांनी माझीच उलटतपासणी घेतली. नॉनस्टिक तवा आहे का? तो रिकामा तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतो. डॉक्टर कोण? तुम्ही फोन उचलला नाहीत तर मी किती खर्चापर्यंत उपचार करू? तो आकडा लिहून सही घेतली. मला आधी अपमान वाटला, मग त्या रात्री शांत झोप लागली. पण एकदा माझं विमान रद्द झालं, तर ठरल्यापेक्षा एक दिवसही जास्त येणार नाही म्हणाल्या. रात्री अकराला ओळखीपाळखीत फोन करत बसलो. काकूंनी असल्या वेळी किल्ली नुसती खिळ्याला परत लावली असती आणि आणखी एक दिवस बघितलं असतं.

चुलतभावाने पेट बोर्डिंग सुचवलं. तिथे नवे पक्षी त्याच खोलीत ठेवता का, असं मी विचारायला लावलं, तर "सगळे एकत्रच, करमतं त्यांना" असं उत्तर आलं. एका आजाऱ्यामुळे सगळी खोली आजारी पडायची. नको. कॅमेराही नको. त्यालाही वाटी भरलेलीच दिसणार.

शेवटी आईला काकूंच्या घरी चहाला पाठवलं आणि फोनवरून मीही बसलो. पाचशे रुपयांचा किचन काटा घेतला. रोज सकाळी वजन करायचं, आकडा कळवायचा. फुंकर, तवा, अगरबत्ती, पंखा बंद करूनच पिंजरा उघडणं, सगळं आईने अक्षरशः चाचरत सांगितलं. पैशाचा विषय तिने काढूच दिला नाही, तिथे मी हरलो. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे मागच्या वेळी सांगितलं असतंस तर?" मग त्यांनीच विचारलं, डॉक्टरकडे न्यायचं झालं तर टॅक्सी करू ना, की तुम्हाला आधी विचारू? आई म्हणाली, "करा."

दोन दिवस पुण्याला जाऊन आई-बाबांनी तालीमही करून घेतली.

मग सहा आठवडे रोज इकडच्या पहाटे आईच्या फोनवर गुलाबाच्या फुलाचं शुभ सकाळ यायचं. खाली 91. कधी 92. एका सकाळी 88 आलं. त्याच्याखाली काकूंनी लिहिलं होतं, "रात्री वरातीचे फटाके होते, पिंजऱ्यात फडफडून पडला. दाणे कमी खाल्ले. दुपारी परत वजन करते. तोवर घोर लागू दे."