'अमर्याद' म्हणजे महिन्याला किती? : 'जुना प्रेक्षक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

'जुना प्रेक्षक', नमस्कार.

नेटफ्लिक्सच्या लाल लिफाफ्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया चांगलीच मुद्देसूद आहे. तिला दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुमचं म्हणणं असं, की नेटफ्लिक्सच्या अमेरिकेतल्या, टपालाने डीव्हीडी भाड्याने पाठवण्याच्या धंद्याचं मी नको तितकं कौतुक केलं. आपल्याकडच्या वाचनालयांची दिवाळी अंक योजना हेच तर करते, त्यात डोकं कसलं लागलं? 'महिन्याला वाट्टेल तितके सिनेमे' ही थाप होती, जास्त पाहणाऱ्याला कंपनी मुद्दाम रखडवायची. खरा भार अमेरिकेच्या टपालखात्याने वाहिला. भारतात हे चाललं नाही, कारण 'आपले लोक डिस्क परत करणारे नव्हेत'. आणि शेवटचा टोमणा: २०२३ साली दुकान बंद करताना डिस्क लोकांनाच ठेवून घ्यायला सांगितल्या, म्हणजे मालाला किंमत नव्हतीच.

थापेचा आणि टपालखात्याचा मुद्दा मला बराचसा मान्य आहे. भारताबद्दलचा अजिबात नाही. पण सुरुवात दिवाळी अंकांपासून करू, कारण ती तुलना तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

योजनेत एकदाच पैसे भरायचे, एक अंक घरी न्यायचा, तो आणून दिला की दुसरा. सांगाडा तोच, कबूल. पण ज्या चार-पाच अंकांची चर्चा असते ते कधी जागेवर सापडतात का? ग्रंथपालाच्या टेबलावर जे उरलं असेल त्यातून उचलायचं. कोणाला काय हवंय हे त्या बिचाऱ्याला माणूस समोर उभा राहिल्यावर कळतं. नेटफ्लिक्सच्या सभासदाने मात्र आपल्याला हव्या त्या सिनेमांची क्रमवार यादी आधीच देऊन ठेवलेली असे. तिला 'क्यू' म्हणत. लाखो लोकांच्या अशा याद्या हाताशी असल्या की परत आलेल्या डिस्कला फळीवर जाऊन बसायची गरज उरत नाही. पहाटे ट्रक टपालघरातून परतीचे लिफाफे घेऊन येई. माणसं लिफाफा फाडून डिस्क बाहेर काढत, ओरखडे पाहत, कव्हरवरचं नाव आणि डिस्क एकच आहे ना ते तपासून ती स्कॅन करत. त्या क्षणी ती कोणाच्या यादीत वर आहे हे संगणक सांगे आणि बहुतेक डिस्क त्याच दिवशी दुसऱ्या पत्त्यावर निघत. गोदाम म्हणण्यापेक्षा तो अदलाबदलीचा अड्डा होता. पुढे उघडणं-पुसणं-तपासणं करायला यंत्रं आली, पण रीत हीच.

सुरुवातीला असं नव्हतं. एप्रिल १९९८मध्ये संकेतस्थळ सुरू झालं तेव्हा जेमतेम सव्वानऊशे सिनेमे होते आणि पद्धत सरळ भाड्याची होती: एक डिस्क, अमुक दिवस, अमुक पैसे, वर टपालखर्च. शुक्रवारी रात्री सिनेमा पाहावासा वाटणारा माणूस तीन दिवस टपालाची वाट कशाला पाहील? तो कोपऱ्यावरच्या दुकानात जाई. गोदामात हजारो डिस्क पडून. मग या डिस्क लोकांच्याच घरी ठेवल्या तर, अशी कल्पना निघाल्याचं सहसंस्थापक मार्क रँडॉल्फ यांनी सांगितलं आहे. सप्टेंबर १९९९मध्ये मासिक वर्गणी आली, आणि लवकरच सुटं भाडं बंदच झालं. परतीची तारीख नाही, उशिराचा दंड नाही. डिस्क हवी तितके दिवस ठेवा, फक्त ती परत येईपर्यंत त्या जागी दुसरी मिळणार नाही.

म्हणजे वर्गणीदार सिनेमा भाड्याने घेतच नव्हता. घरात एका वेळी तीन डिस्क ठेवण्याची जागा तो भाड्याने घेत होता, आणि त्या जागा महिन्यात किती वेळा भरायच्या-रिकाम्या करायच्या हे त्याच्यावर होतं. तुमचा 'थापे'चा मुद्दा इथेच येतो, तेव्हा थोडा हिशेब करू.

सोमवारी निघालेली डिस्क मंगळवारी घरी. त्याच रात्री पाहिली, बुधवारी सकाळी पेटीत टाकली. गुरुवारी ती केंद्रात पोचते आणि त्याच दिवशी यादीतली पुढची निघते. टपालाचे तीन दिवस म्हणजे एक फेरी. तिथे शनिवारीही टपाल वाटतात, त्यामुळे महिन्याला साधारण पंचवीस दिवस, म्हणजे आठ फेऱ्या. तीन जागांच्या चोवीस डिस्क. २००७च्या मे महिन्यात साध्या पत्राचं तिकीट ४१ सेंट झालं. ठोक टपालाची सवलत धरून जाण्या-येण्याचे मिळून ७५ सेंट म्हणू. चोवीस डिस्कचे झाले १८ डॉलर. तीन डिस्कची वर्गणी त्या वर्षी १७.९९ होती आणि जुलैत ती १६.९९वर आली. टपालातच सगळी वर्गणी गेली. डिस्कची खरेदी, स्टुडिओचा वाटा, माणसांचे पगार बाजूलाच राहिले.

उलट, आठवड्याला एकच सिनेमा पाहणाऱ्यावर टपालाचे तीन डॉलर खर्च होत. आणि ज्याने 'हा एकदा नीट बसून पाहायचाय' म्हणून गंभीर माहितीपट मागवला आणि महिनाभर टीव्हीवर ठेवला, तो तर कंपनीचा लाडका गिऱ्हाईक. अशी माणसं पुष्कळ असतात. (आपल्या सगळ्यांच्या घरी निम्मी वाचलेली पुस्तकं किती आहेत ते आठवा.) चोवीस डिस्क फिरवणाऱ्याचा खर्च ही मंडळी भरत होती.

तेव्हा रखडवणं व्हायचं का? व्हायचं. फार भरभर परत करणाऱ्याची पुढची डिस्क एखाद-दोन दिवस उशिरा निघे किंवा लांबच्या केंद्रातून येई. नव्या गाजलेल्या सिनेमाच्या प्रती आधी कमी पाहणाऱ्यांना जात, आणि बाकीच्यांच्या यादीत त्या नावापुढे 'फार लांब प्रतीक्षा' दिसत राही. सप्टेंबर २००४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका सभासदाने यावर सामूहिक दावा लावला. जानेवारी २००५मध्ये कंपनीने आपल्या अटींत लिहूनच टाकलं, की कोणाला आधी पाठवायचं हे ठरवताना कमी डिस्क घेणाऱ्यांना झुकतं माप मिळू शकतं. दावा तडजोडीने मिटला. कंपनीने दोष मान्य केला नाही, पण सभासदांना महिनाभर एक डिस्क जादा आणि सोडून गेलेल्यांना एक महिना फुकट देऊ केला. त्यातही खोच होती: फुकटचा महिना संपला की आपण होऊन रद्द न करणाऱ्याची वर्गणी आपोआप सुरू होणार! सरकारच्या व्यापार आयोगाने यावर आक्षेप घेतला आणि ते कलम काढावं लागलं.

माझं मत विचाराल तर कमी घेणाऱ्याला नवा सिनेमा आधी देणं यात मला काही गैर वाटत नाही. प्रती मोजक्या आणि मागणारे अनेक असले की कुठलातरी नियम लागणारच. गैर होता तो जाहिरातीतला 'अमर्याद' हा शब्द, आणि तो नियम काही वर्षं न सांगणं. पण 'मुद्दाम रखडवणं हाच धंदा' हे तुमचं वाक्य मला पटत नाही, कारण त्याच वर्षांत कंपनी सगळ्यांसाठी टपाल जलद करायला पैसे ओतत होती. कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रातून सुरुवात झाली होती. सॅक्रामेंटोत त्यांनी दुसऱ्या दिवशी डिस्क पोचवण्याचा प्रयोग केला, तर तिथे नवे सभासद जास्त येऊ लागले. शेजाऱ्याला काल परत केलेल्या सिनेमाऐवजी आज नवा मिळाला, ही बातमी कुंपणावरून पसरते. मग पन्नासहून अधिक केंद्रं उभी राहिली. जलद टपालाने फेऱ्या वाढतात म्हणजे खर्च वाढतो हे खरं, पण एकेक प्रत वाटेत कमी दिवस अडकते, त्यामुळे तेवढ्याच सभासदांना कमी प्रती पुरतात.

याद्या भरून घेण्यामागेही हाच हिशेब होता. सगळ्यांनी या आठवड्यात आलेला सिनेमाच मागितला तर तितक्या प्रती घ्याव्या लागतात आणि दोन महिन्यांनी त्यांचं करायचं काय? म्हणून 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत माणसाला जुन्या, कोणी न मागितलेल्या सिनेमाकडे वळवायचं. त्या शिफारशी दहा टक्क्यांनी अधिक अचूक करून देणाऱ्याला दहा लाख डॉलरचं बक्षीस २००६मध्ये जाहीर झालं आणि २००९मध्ये दिलं गेलं. तो पैसा संशोधनावरच्या प्रेमापोटी दिला गेला नव्हता.

आता टपालखातं. इथे तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. डीव्हीडीचं वजन सोळा ग्रॅमच्या आसपास. कागदी पाकिटात घालून ती एका औंसाच्या, म्हणजे २८ ग्रॅमच्या आत बसते आणि साध्या पत्राच्या दरात जाते. व्हिडिओ कॅसेटच्या वजनात हे गणितच जमलं नसतं. पण डिस्क असलेलं मऊ पाकीट पत्र निवडण्याच्या यंत्रात नीट जात नाही. टपालखात्याच्या महानिरीक्षकांनी नोव्हेंबर २००७च्या अहवालात लिहिलं, की नेटफ्लिक्सच्या परतीच्या टपालातलं सुमारे ७० टक्के हाताने हाताळावं लागतं, दोन वर्षांत त्यापायी ४.१९ कोटी डॉलरचा जादा खर्च झाला, तेव्हा पाकीट बदला नाहीतर प्रत्येकी १७ सेंट जादा आकारा. व्हिडिओ गेम टपालाने भाड्याने देणाऱ्या गेमफ्लायने तर २००९मध्ये टपाल नियामक आयोगाकडे तक्रारच केली: त्यांची डिस्क हाताने काढता, आमच्या डिस्क यंत्रात मोडतात म्हणून आम्ही महागड्या दराने पाठवायच्या का? आयोगाने २०११मध्ये भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

तरी टपालखात्याला नाडलेला गरीब समजू नका. अमेरिकेत साध्या पत्रांची संख्या २००१मध्ये शिखरावर होती, नंतर घसरतच गेली. ईमेलच्या दिवसांत रोज लाखो लिफाफे देणारं एवढं मोठं गिऱ्हाईक कोण दुखावेल? लाड झाले ते दोन्हीकडच्या गरजेपोटी.

आणि भारत. 'आपले लोक परत करत नाहीत' हे वाक्य आपण स्वतःबद्दल इतक्या सहज का बोलतो कळत नाही. दिवाळी अंक योजना तुम्हीच उदाहरणाला दिलीत, तिथे अंक परत येतात ना? बंगळूरची सेव्हन्टीएमएम, रिलायन्सची बिगफ्लिक्स यांनी याद्या आणि वर्गणी हीच पद्धत आणली होती, तीही टपालावर न विसंबता स्वतःची माणसं घरोघरी पाठवून. अडचण दुसरीकडे होती, आणि तिची चर्चा फार कमी होते.

अमेरिकेत विकत घेतलेली प्रत घेणाऱ्याची. ती पुन्हा विकायला किंवा भाड्याने द्यायला मूळ मालकाची परवानगी लागत नाही. पुस्तकाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली याचा पाया घातला, पुढे ते कायद्यात आलं. गाण्याच्या रेकॉर्ड भाड्याने देण्यावर १९८४मध्ये आणि संगणक प्रणालींवर १९९०मध्ये बंधनं आली, सिनेमा मात्र मोकळा राहिला. म्हणून एखाद्या स्टुडिओने ठोक भावाने डिस्क दिल्या नाहीत, तर दुकानातून विकत घेऊनही धंदा चालू ठेवता येई. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १४मध्ये १९९४च्या दुरुस्तीनंतर त्या काळी उलट होतं: सिनेमाची प्रत आधी विकली गेलेली असली तरी ती भाड्याने देण्याचा हक्क निर्मात्याकडेच. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये, परदेशात रीतसर विकत घेतलेल्या डीव्हीडी इथे भाड्याने देणाऱ्या एका लायब्ररीविरुद्ध वॉर्नर ब्रदर्सच्या बाजूने निकाल दिला तो याच आधारावर. म्हणजे इथे लाख सिनेमांची लायब्ररी करायची तर प्रत्येक हक्कदाराचा उंबरठा झिजवायचा. त्यात २००७मध्ये डिस्क बनवणाऱ्या मोजर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. चौतीस रुपयांत सिनेमा कायमचा घरात येत असेल तर वर्गणी कोण भरणार?

राहिला टोमणा. डिस्कला किंमत होती, पण ती फिरत असेपर्यंतच. नव्या सिनेमाच्या डिस्कची किंमत कंपनी आपल्या हिशेबात एका वर्षात आणि जुन्याची तीन वर्षांत संपवून टाकत असे. २९ सप्टेंबर २०२३ला शेवटचे लिफाफे निघाले तेव्हा एकूण पाठवलेल्या डिस्कचा आकडा पाच अब्जांच्या पुढे गेला होता. त्या दिवसानंतर परत येणाऱ्या डिस्कची वाट पाहणारा पुढचा सभासदच नव्हता, मग परतीचं टपाल भरून, लिफाफे फोडून, ओरखडे तपासून ती ठेवायची कुठे? लोकांच्या घरात जागा होतीच, चोवीस वर्षं ती वापरलीही होती. तरी कोणाला परत करायच्याच असतील तर २७ ऑक्टोबरपर्यंत त्या स्वीकारल्या जात होत्या.