हिरा घ्यायचाय? मग काही विचारू नका

मटणाच्या दुकानात कोल्हापूरकर कसा उभा राहतो, आठवा. "मांडीचं घाल, चाप दे, चरबी काढ, आणि काट्यावर लक्ष आहे माझं." हाच गडी लेकीच्या लग्नाला गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, हिऱ्याची अंगठी घ्यायला गेला की मुकाट गादीवर बसतो आणि कोल्ड्रिंक पितो. तसंच बसा. हिऱ्याची चौकशी करणं घराण्याला शोभत नाही.

खडा दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालीच बघा. दाराशी नेऊन, सावलीतल्या उजेडात पांढऱ्या कागदावर पालथा ठेवला तर पिवळट झाक दिसू शकते. उगीच मन खट्टू होतं.

रंगाची प्रत 'डी'पासून 'झेड'पर्यंत, म्हणजे बिनरंगी खड्यापासून पिवळट खड्यापर्यंत. तुम्ही छाती काढून 'डी'च मागा. पिवळ्या सोन्यात बसवल्यावर सोन्याचीच छटा खड्यात उतरते, तिथं 'जी', 'एच' घेतला तरी कुणाला कळत नाही, असं कुणी सांगू लागला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. शुद्धताही 'व्हीव्हीएस'च हवी, म्हणजे आतले डाग भिंगातूनही जेमतेम सापडतील अशी. त्याखालच्या 'व्हीएस'मधले डाग नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत हे खरं. पण हळदी-कुंकवाला येणाऱ्या बायका पर्समधून दहापटीचं भिंग काढणारच की!

दुकानदारानं भिंग पुढं केलंच, तर ते डोळ्याला टेकवून खडा इंचभर अंतरावर आणायचा असतो. आपण हातभर लांब धरायचं, एक डोळा मिटायचा आणि "हां, चांगलाय" म्हणून मेव्हण्याकडं द्यायचं. तो दोन्ही डोळे मिटतो.

कटबद्दल तर अवाक्षर काढू नका. वरून शिरलेला उजेड परत वर फेकायचा की खालून सांडून द्यायचा, हे पैलूंचे कोन ठरवतात. हिऱ्याची चमक म्हणतात ती बरीचशी हीच. म्हणूनच तो विषय टाळावा. वजन तेवढं विचारा. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम. 0.95 कॅरेटचा खडा शेजारी ठेवला तर फरक ओळखू येत नाही, पण पूर्ण एकला भाव उडी मारतो. ती उडी आपल्याच खिशातून गेली पाहिजे. त्यातून खडा पोट सुटलेला मिळाला तर उत्तमच: वजन सगळं खाली, वरून दिसायला बारका, पैसे पुरे.

सर्टिफिकेटचं लॅमिनेशन करा. त्यावरचा नंबर बऱ्याचदा खड्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असतो, तो मात्र जुळवू नका. मालकांना काय वाटेल! शिवाय हॉलमार्क आहेच. तो फक्त सोन्याची शुद्धता सांगतो, एवढ्या बारकाव्यात कशाला शिरायचं?

खाणीतला की प्रयोगशाळेतला, हेही विचारू नका. दोन्ही खरे हिरेच, साधं तपासयंत्र दोघांनाही पास करतं. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण यंत्र वाजलं की आपलं समाधान.

आणि परत घेताना किती कापणार, हे बिलावर लिहून मागायचं नाही. मालक घरचेच आहेत. पुढं कधी अडीनडीला अंगठी मोडायला न्याल, तेव्हा हेच घरचे मालक सोनं वेगळं तोलतील, खडा दाराशी नेऊन पांढऱ्या कागदावर पालथा ठेवतील आणि पिवळट झाक तुम्हाला अगदी नीट समजावून दाखवतील.