चित्राच्या कडा कापू नका

गेल्या महिन्यात आमच्या हॉलच्या भिंतीवर अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रॉथको लागला. ‘ऑरेंज, रेड, यलो’ या १९६१ सालच्या चित्राची छापील प्रत. दोन फूट बाय तीन फूट, काळी फ्रेम, वर काच. ऑनलाइन मागवली होती. मूळ चित्र २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ८ कोटी ६९ लाख डॉलरना विकलं गेलं, तेव्हा आपल्या घरी प्रतच येणार आणि त्यात मला जराही कमीपणा वाटत नाही. हे आधीच सांगते, कारण छापील चित्र लावणाऱ्यांना नाक मुरडणारी माणसं मला पटत नाहीत. माझ्या पिढीतल्या कित्येकांना जगातली चित्रकला आधी कॅलेंडरवर आणि मासिकांच्या पानांवरच भेटली. ती तशी भेटली म्हणूनच पुढे मूळ चित्रं बघायची ओढ लागली.

पण हे चित्र लावल्यापासून काहीतरी खटकत होतं. रंग ठीक होते, तरी चित्र गुदमरल्यासारखं दिसायचं. शेवटी एका रात्री मूळ चित्राची मापं शोधली. उंची साधारण २३६ सेंटीमीटर, रुंदी २०६. म्हणजे चौरसाच्या जवळ जाणारं चित्र. माझ्या भिंतीवरचं मात्र रुंदीच्या दीडपट उंच! तयार फ्रेमच्या मापात बसवण्यासाठी विकणाऱ्याने दोन्ही बाजू मिळून रुंदीचा जवळजवळ पाव भाग कापून टाकला होता.

मला याचा मनापासून राग आला. रॉथकोच्या चित्रात घडतं ते कडांवरच. रंगाचे ते मोठे आयत पट्टीने आखलेले नसतात, त्यांच्या कडा पिंजलेल्या कापसासारख्या असतात. भोवती खालच्या रंगाची अरुंद चौकट उरते आणि तिच्यामुळे ते आयत तरंगताना दिसतात. पातळ रंगाचे थर एकावर एक चढवल्यामुळे आतून उजेड आल्यासारखं वाटतं. तो उजेड छपाईत बराचसा जातो, कारण भडक नारिंगी रंग छापखान्याच्या चार शाईंना नीट पेलत नाही. ते मी समजू शकते. पण कडा राखायला काय लागतं? फक्त चित्राबद्दल थोडा आदर लागतो.

जॅक्सन पोलॉक या दुसऱ्या अमेरिकन चित्रकाराचंही तेच. ‘नंबर १ए, १९४८’ या चित्रात रंगाच्या धारांच्या जाळ्यात, वर उजव्या बाजूला, त्याच्या हाताचे ठसे उमटलेले आहेत. न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयातलं हे चित्र साडेआठ फुटांहून रुंद आहे. त्याची वरची कड कापली, तर चित्रकाराचा हातच कापला जातो. ‘अमूर्त आहे, कुठूनही कापलं तरी काय फरक पडतो?’ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते ठसे एकदा बघावेत.

काही वर्षांपूर्वी लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात रॉथकोची सीग्राम भित्तिचित्रं बघितली. न्यूयॉर्कच्या एका महागड्या रेस्टॉरंटसाठी १९५८ मध्ये त्याने हे काम घेतलं आणि नंतर नाकारलं. त्यातली नऊ चित्रं त्याने टेटला दिली. ती लंडनला पोचली, त्याच दिवशी, २५ फेब्रुवारी १९७० ला, तो गेल्याची बातमी आली. त्या खोलीत मी बराच वेळ बसून होते. मंद उजेड, भोवती काळपट लाल रंग. चित्रांना फ्रेम नाही, काच नाही. त्याला त्या नकोच असायच्या. १९६१ च्या लंडनच्या प्रदर्शनासाठी त्याने कळवलं होतं की चित्रं जमिनीलगत लावा, उजेड फार प्रखर ठेवू नका. आणि आपण काय करतो? सोफ्याच्या वर, पंख्याच्या उंचीला टांगतो, वरून स्पॉटलाइट मारतो. मग काचेत ट्यूबलाइट, खिडकी आणि आपलं तोंड, एवढंच दिसतं.

उन्हाचंही सांभाळा. हार्वर्ड विद्यापीठातल्या जेवणाच्या दालनात रॉथकोची चित्रं १९६४ मध्ये लागली आणि मोठ्या खिडक्यांतून येणाऱ्या उन्हाने त्यातला लाल रंग काही वर्षांत उडाला. मूळ चित्राची ही गत, तर बाल्कनीसमोरच्या प्रतीचं काय होणार!

हे सगळं परक्या देशातलं म्हणून सोडून देता येत नाही. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे आपलेच. नागपुरात १९२४ मध्ये जन्मलेले, गिरगावात वाढलेले, जे. जे. त शिकलेले. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. रोलर आणि पॅलेट नाइफने थर चढवत, खरवडत ते चित्र घडवायचे आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांचीही प्रत कुणी सोफ्याच्या मापाने कापली, तर मला दुप्पट वाईट वाटेल. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात त्यांची चित्रं आहेत. मांडलेली असतील तेव्हा जवळ जाऊन बघा, पृष्ठभागावर किती काय काय चाललेलं असतं ते कळेल.

परवा ती फ्रेम घेऊन आमच्या फ्रेमवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मागचा हार्डबोर्ड उचकटला. कागद थेट काचेला टेकलेला, एका कोपऱ्यात पावसाळी दमटपणाने चिकटायलाही लागलेला. ‘ताई, मधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, किंवा पट्टी पाहिजे, नाहीतर दोन पावसाळ्यांत बुरशी धरेल,’ ते म्हणाले. मग मी मूळ प्रमाण कागदावर लिहून दिलं. त्यांनी टेपने मोजून सांगितलं, ‘३० इंच रुंद घेतलंत तर उंची ३४ च्या वर जाईल, तयार फ्रेम मिळणार नाही, करून द्यावी लागेल.’ करा म्हटलं. नवी प्रत कॅनव्हासवर छापून घेणार आहे, काच नाही, माउंट नाही, लाकडाची बारीक पट्टी कॅनव्हासपासून थोडी सुटी, म्हणजे चारही कडा उघड्या राहतील. पैसे जुन्या फ्रेमच्या दुपटीहून जास्त लागतायत.

शनिवारी मिळेल. सोफा समोरच्या भिंतीला सरकवलाय, जुना खिळा काढून भोक बुजवलंय. नवा खिळा बराच खाली ठोकायचाय.