चुकतमाकत शिका म्हणे, पण शिकायचे कशावरून?

ठाण्यात गॅलरीत चार कुंड्या मांडून भाजी पिकवू पाहणाऱ्या माणसाचे रोप मेले की त्याचे सांत्वन ठरलेल्या शब्दांत होते: "करत राहा, चुकतमाकतच शिकता येते." घोडबंदर रस्त्यावरचा नर्सरीवाला हेच सांगतो, सोसायटीच्या गच्चीवर वांगी काढणारे काका हेच सांगतात आणि मोबाइलवरच्या चित्रफितींतले हसतमुख तज्ज्ञही हेच सांगतात. मला आता या वाक्याचा मनापासून संताप येतो. चुकीतून शिकायचे तर आपण नेमके काय केले, हे तरी माणसाला कळायला हवे. इथे मातीच्या गोणीपासून बियांच्या पुडीपर्यंत जे जे विकत मिळते, त्यात काय आहे याचाच पत्ता लागत नाही, आणि रोप गेले की खापर मात्र आपल्या अननुभवीपणावर फोडले जाते.

बियांचेच घ्या. देशात १९६६ पासून बियाणे कायदा आहे आणि प्रमाणित बियाण्यासाठी उगवणीची किमान टक्केवारीही ठरलेली आहे: टोमॅटोला ७०, भेंडीला ६५, मिरचीला ६०. नर्सरीच्या गल्ल्याशेजारी टांगलेल्या पुडीवर मात्र लालबुंद टोमॅटोचे चित्र आणि 'हायब्रीड' हा शब्द, एवढाच मजकूर असतो. वाण कोणते, ते बुटके राहणारे की काठीच्या आधाराने वाढतच जाणारे, बियाणे कधी तपासले, यांपैकी कशाचाही उल्लेख नसतो. पेरणीचा काळ विचारला तर उत्तर मिळते, "वर्षभर लावा, काही होत नाही." ही शुद्ध थाप आहे. दुपारचा पारा पस्तिशीला टेकला आणि रात्रीही पुरेसा उतरला नाही की टोमॅटोचे परागकण निकामी होऊ लागतात. फुले भरघोस येतात आणि फळ न धरताच देठासकट गळून पडतात. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या रात्री कशा असतात, हे इथल्या दुकानदाराला ठाऊक नसेल काय? पावसाच्या शेवटी रोपे तयार करून फळधारणा थंडीत गाठायची, हे एक वाक्य पुडीवर छापले असते, तर कितीतरी लोकांचा उन्हाळा वाया गेला नसता.

उन्हाच्या सल्ल्याची तीच गत आहे. "दक्षिणेची गॅलरी असेल तर चिंताच नको," असे सांगणारे बहुतेक जण उत्तरेकडच्या शहरांत बसून बोलत असतात. ठाणे साधारण १९ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो, आणि वर स्लॅब असलेल्या दक्षिणेच्या गॅलरीत त्या दिवसांत थेट ऊन जवळजवळ शिरतच नाही. डिसेंबरात हीच गॅलरी उन्हाने भरून जाते. रोप लांबुडके होऊन आडवे पडले की आपण खताला दोष देत बसतो.

मातीबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. लाल मातीची म्हणून जी गोणी मिळते, ती कुंडीत घट्ट बसून वाळल्यावर विटेसारखी होते आणि अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात जून-जुलैमध्ये त्याच कुंडीत मुळे कुजतात. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नीट धुतलेले नसेल तर त्यातले क्षार रोपाला भोवतात. ते धुतलेले आहे की नाही, हे त्याच्या दाबून केलेल्या विटेच्या वेष्टनावर लिहिलेले नसते. पुढच्या खेपेला त्याच दुकानातून 'तेच' मिश्रण आणावे, तर ते रंगाने आणि वजनानेही वेगळे निघते. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हा प्रयोगाचा साधा नियम इथे पाळायचा तरी कसा?

सर्वांत जास्त छळ वेलवर्गीय भाज्यांचा होतो. दुधीला फळ धरत नाही म्हणून तक्रार करावी, तर सल्ला येतो की सकाळी लवकर उठून नर फुलाचे पराग मादी फुलाला लावा. भोपळ्याला आणि काकडीला हे लागू पडते, कारण त्यांची फुले सकाळी उमलतात. दुधीचे पांढरे फूल आणि दोडक्याचे पिवळे फूल मात्र संध्याकाळी उमलते. रविवारची झोप मोडून सकाळी कोमेजलेल्या फुलांशी झटापट करणाऱ्या माणसाला हे कोणीच सांगत नाही, आणि इवलीशी दुधी पिवळी पडून गळाली की "कॅल्शियम कमी पडले असेल" म्हणत आणखी एक बाटली त्याच्या गळ्यात मारली जाते.

नशिबाने कारले धरलेच, तर फळमाशी हजर असते. त्यावर सापळा म्हणून हमखास आंब्याच्या बागेतला, मिथाइल युजेनॉल या गंधद्रव्याचा, विकला जातो. वेलभाज्यांवरच्या फळमाशीचे नर त्या वासाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना क्यू ल्युअर हे वेगळे गंधद्रव्य लागते. सापळा टांगूनही कारली आतून किडतात, आणि विक्रेता शांतपणे सांगतो की सातव्या मजल्यावर असेच होणार.

दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ पासून कोकणच्या हवेसाठी काम करते आहे, तिथे कारल्याचे 'कोकण तारा' हे वाण तयार झाले आहे. आमच्या भागातल्या नर्सरीत ते नाव काढले, तर समोरचा माणूस आपण परदेशातले फळ मागितल्यासारखा पाहतो. त्याचे तरी काय अडले आहे म्हणा! मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप त्याच्याकडूनच नेले जाते, आणि आपली चूक आपल्याला कळेपर्यंत हंगाम उलटलेला असतो, म्हणजे ती सुधारून पाहायची संधी पुढच्या वर्षीच. पुडीवर वाणाचे नाव आणि किनारपट्टीवरचा पेरणीचा महिना, गोणीवर घटकांचे प्रमाण आणि सापळ्यावर तो कोणत्या माशीसाठी आहे, एवढे छापायला यांना नेमकी कोणती अडचण येते, ते एकदा यांनीच सांगावे.