खुलासा: आयजीएमपी स्नूपिंग आणि मध्येच थांबणारे चित्र

‘स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग चालू केले की कॅमेऱ्यांचे मल्टिकास्ट चित्र चार-पाच मिनिटांत बंद पडते, म्हणून ते बंदच ठेवावे’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. (मल्टिकास्ट म्हणजे एकच प्रवाह तो मागणाऱ्या संगणकांच्या गटाला पाठवणे; त्या गटात सामील होण्याचे संदेश ज्या नियमावलीने जातात ती आयजीएमपी, आणि जाळ्यातली उपकरणे जोडणाऱ्या स्विचने ते संदेश ऐकणे म्हणजे स्नूपिंग.) निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

स्नूपिंग करणारा स्विच संगणकांचे गटाच्या सदस्यत्वाचे संदेश ऐकतो आणि मागणी असलेल्या पोर्टवरच प्रवाह सोडतो. पण ही नोंद टिकायची तर ‘अजून हवे आहे का?’ असे कोणीतरी ठरावीक काळाने विचारत राहावे लागते. हे काम क्वेरियरचे, म्हणजे बहुधा मल्टिकास्ट राउटरचे. न बदललेल्या (डिफॉल्ट) मूल्यांनुसार दर १२५ सेकंदांनी विचारणा होते आणि २६० सेकंदांत उत्तर न आल्यास नोंद पुसली जाते. क्वेरियरच नसेल तर कोणी विचारत नाही, म्हणून उत्तरही येत नाही; मग नोंद नसलेला गट अडवणारा स्विच प्रवाह थांबवतो. चार-पाच मिनिटांचे कोडे ते एवढेच. राउटर नसलेल्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर आखलेल्या स्वतंत्र आभासी जाळ्यात) एखाद्या स्विचवरच क्वेरियर चालू करावा.

स्नूपिंग बंद केल्यास चित्र येईल खरे, पण प्रत्येकी सेकंदाला ४ मेगाबिटचे ३० कॅमेरे असतील तर १२० मेगाबिटचा लोंढा त्या व्हीलॅनमधल्या प्रत्येक पोर्टवर, अगदी १०० मेगाबिटच्या जुन्या प्रिंटरवरही, आदळेल.