मॅक्लीन मॉस्कोचा पगारी माणूस? जरा तारखा बघा

स्कॉटलंडचा समाजवादी पुढारी जॉन मॅक्लीन याच्यावरचा एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. सारांश असा: ‘ग्लासगोचा हा मास्तर म्हणजे लेनिनचा पगारी माणूस. रशियाच्या इशाऱ्यावर त्याने पहिल्या महायुद्धाला विरोध केला, 1919 मध्ये जॉर्ज स्क्वेअरवर बंड घडवलं, चर्चिलला रणगाडे पाठवावे लागले आणि शेवटी हा गडी वेड लागून तुरुंगात मेला.’ चार ओळींत इतक्या चुका बसवायला हातखंडाच लागतो.

आधी ‘रशियाच्या इशाऱ्यावर’. युद्ध पेटलं ऑगस्ट 1914 मध्ये, बोल्शेविक सत्तेवर आले नोव्हेंबर 1917 मध्ये. मधल्या काळात मॅक्लीन दोनदा तुरुंगवारी करून आला होता. त्याच्या ब्रिटिश सोशालिस्ट पार्टीचा बुजुर्ग नेता हिंडमन युद्धाच्या बाजूने उभा राहिला, तेव्हा हा ग्लासगोच्या बाथ स्ट्रीटवर उभा राहून सांगत होता की मी पंधरा वर्षं समाजवादाच्या सैन्यात भरती झालेलो आहे, लढण्यालायक सैन्य तेवढंच, बाकी सगळी खड्ड्यात जावोत. या वाक्यासाठी 1915 मध्ये पाच पौंड दंड किंवा पाच दिवस कैद झाली. त्याने कैद निवडली. ग्लासगोतल्या गोवन भागाच्या स्कूल बोर्डाने मास्तरकीच्या नोकरीवरून काढलं. खटला होता ‘डिफेन्स ऑफ द रिअल्म अ‍ॅक्ट’ या युद्धकाळातल्या खास कायद्याखाली. त्याच साच्यातला ‘डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट’ 1915 मध्ये आपल्याकडेही आला, त्यामुळे या कायद्याची चव आपल्याला नवी नाही. 1916 च्या एप्रिलमध्ये तीन वर्षं सक्तमजुरी. तेव्हा लेनिन स्वतः स्वित्झर्लंडमध्ये परागंदा होता, तो कुणाला इशारे देणार?

युद्धविरोध त्याला पुस्तकातूनच सुचला, असंही नाही. आईवडील स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातून आलेले, गेलिक बोलणारे. शेतकऱ्यांना हुसकावून तिथे मेंढ्या आणल्या गेल्या, ती कहाणी त्याने घरातच ऐकलेली. 1915 मध्ये युद्धसाहित्याच्या कारखान्यांमुळे ग्लासगोत माणसांची रीघ लागली आणि घरमालकांनी भाडी चढवली. नवरे आघाडीवर, आणि घर रिकामं करायला दारात बेलिफ, म्हणजे कोर्टाचा माणूस. मेरी बार्बर आणि गोवनच्या बायकांनी घंटा वाजवून आळी गोळा करायची, बेलिफला पिठाने न्हाऊ घालून परत धाडायचं. 17 नोव्हेंबरला अठरा भाडेकरूंना कोर्टात खेचलं, तेव्हा गोदीतले कामगार हत्यारं खाली ठेवून बाहेर पडले. त्या जमावापुढे बोलणाऱ्यांत मॅक्लीन होता. खटले मागे घेतले गेले आणि डिसेंबरात भाडी गोठवणारा कायदा आला. यात मॉस्को कुठे आहे?

आता ‘पगारी’. जानेवारी 1918 मध्ये सोव्हिएत काँग्रेसने त्याला मानद अध्यक्षांच्या यादीत घेतलं आणि पाठोपाठ स्कॉटलंडसाठी कॉन्सल, म्हणजे आपला अधिकृत प्रतिनिधी, नेमलं, हे खरं. त्याने पोर्टलंड स्ट्रीटवर कचेरीही थाटली. पण ब्रिटिश सरकार तिला मानेना. तिच्या पत्त्यावरची पत्रं ‘या कॉन्सलला सरकारची मान्यता नाही’ असा शेरा घेऊन परत जात. ज्या कचेरीला टपाल मिळत नव्हतं, तिथून रग्गड पगार कसा चालत असेल, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं. नोकरी गेलेल्या मास्तरचं घर व्याख्यानांवर आणि कामगारांसाठी चालवलेल्या अर्थशास्त्राच्या वर्गांवर कसंबसं चालायचं. पुढे ओढगस्त इतकी वाढली की बायको अ‍ॅग्नेस मुलींना घेऊन वेगळी राहू लागली. आणि 1920 मध्ये मॉस्कोच्या आशीर्वादाने ब्रिटनचा कम्युनिस्ट पक्ष निघाला, तेव्हा मॅक्लीन त्यात गेलाच नाही. त्याला स्कॉटलंडचं स्वतंत्र कामगार प्रजासत्ताक हवं होतं, लंडनहून चालणारा पक्ष नको होता. 1979 मध्ये सोव्हिएत टपालखात्याने त्याच्यावर चार कोपेकचं तिकीट काढलं, ते हे सगळं विसरून.

जॉर्ज स्क्वेअर. ग्लासगोच्या या चौकात 31 जानेवारी 1919 ला जमलेल्या कामगारांचा संप होता चाळीस तासांच्या आठवड्यासाठी, सत्ता घेण्यासाठी नव्हे. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. शेरीफ दंगलीचा कायदा वाचून दाखवत होता, त्याच्या हातातला कागदच कुणीतरी हिसकावला. शिक्षा झालेल्यांत संपाचे पुढारी गॅलाकर आणि शिनवेल आहेत, मॅक्लीन नाही. तो संपाच्या नेत्यांतच नव्हता. सहा रणगाडे आले ते सोमवारी, 3 फेब्रुवारीला, आणि गुरांच्या बाजारात उभे राहिले. मजकुराला जोडलेला गर्दीतल्या रणगाड्याचा फोटो तर 1918 च्या जानेवारीतला आहे. तो ‘ज्युलियन’ नावाचा रणगाडा युद्धरोखे खपवायला गावोगाव फिरवत होते! आणि तेव्हाचा युद्धमंत्री चर्चिल? 30 जानेवारीच्या मंत्रिमंडळ बैठकीत त्याचा सूर ‘जरा थांबू या’ असाच होता. ‘बोल्शेविक उठाव’ म्हणून ओरड केली ती स्कॉटलंडचा मंत्री रॉबर्ट मन्रो याने.

राहिलं वेड. हा आरोप मला सर्वांत हीन वाटतो, आणि तो शत्रूंनीच केला असंही नाही. मे 1918 मध्ये एडिनबराच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात मॅक्लीनने गुन्हा कबूल की नाकबूल हे सांगायलाच नकार दिला. ज्यूरीतल्या कुणाला हरकत आहे का, विचारल्यावर म्हणाला, ‘सगळ्यांनाच.’ वकील घेतला नाही. सव्वा तास स्वतः बोलला: मी इथे आरोपी म्हणून उभा नाही, नखशिखान्त रक्ताने निथळणाऱ्या भांडवलशाहीवर आरोप ठेवणारा म्हणून उभा आहे. पाच वर्षांची शिक्षा ऐकल्यावर गॅलरीतल्या साथीदारांकडे वळून म्हणाला, ‘चालू ठेवा, पोरांनो.’

पीटरहेडच्या तुरुंगात अन्नात औषध घालतात म्हणून त्याने खाणं सोडलं. मग नळीने बळजबरीचं पोषण, महिनोन्महिने. ऑक्टोबरात अ‍ॅग्नेस भेटायला गेली तेव्हा त्याची दशा बघून हादरली. बाहेर बोंब झाली, आणि युद्ध संपल्यावर डिसेंबरात सरकारला त्याला सोडावंच लागलं. अन्नात खरंच काही होतं का, यावर वाद घाला. नंतर तो नको इतका संशयी झाला आणि जुन्या सोबत्यांतही हेर शोधू लागला, हेही मान्य. पण हेर त्याच्या मागावर खरोखरच होते. ‘भास होतात’ ही आवई पिकवण्यात गॅलाकर पुढे होता, म्हणजे ज्या पक्षाला मॅक्लीनने नकार दिला त्याच पक्षाचा माणूस. नकार देणाऱ्याला वेडा ठरवणं तसं स्वस्तात पडतं.

वेड्याचा पुढचा कार्यक्रम पाहा. डिसेंबर 1918 मध्ये ग्लासगोच्या गॉर्बल्स मतदारसंघातून निवडणूक, 7,436 मतं. 1920 मध्ये बंद पडलेलं त्याचं ‘व्हॅनगार्ड’ हे वर्तमानपत्र पुन्हा सुरू, आयर्लंडमधल्या दडपशाहीवर पत्रक. 1921 मध्ये आणखी दोन शिक्षा. 1923 मध्ये नवा पक्ष, पुन्हा गॉर्बल्समधून उमेदवारी, आणि नोव्हेंबरच्या थंडीत उघड्यावर सभा. न्यूमोनिया झाला. अ‍ॅग्नेस नुकतीच परत आली होती. 30 नोव्हेंबरला तो गेला, चव्वेचाळीसाव्या वर्षी, मतदानाला सहा दिवस असताना. तुरुंगात नाही, ग्लासगोच्या पोलोकशॉज भागातल्या आपल्या घरी.